रूलन ऑस्लरला झालेली अंतःप्रेरणा

रूलन,

तुझं पाकीट मिळालं. नातवंडांसाठी घराण्याचं पुस्तक छापतोयस आणि त्यात तुझं चरित्र मी लिहावं, असं तुझं म्हणणं. कारण काय, तर "मला शिकवलेल्यांपैकी तुम्हीच तेवढ्या उरलात, मिसेस टेनंट." कारण प्रामाणिक आहे, मान्य करते. सोबत मुद्द्यांची यादी जोडली आहेस: बालपण, फुटबॉल, त्याग, धंदा, बिशपपदाची सहा वर्षं. 'त्याग' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्यास. बीजगणितात उत्तराखाली एक रेघ ओढायची वेळसुद्धा तुझ्यावर फारशी आली नव्हती, म्हणून हौस राहिली असेल.

बालपण मी गाळते. गावातल्या सगळ्यांचं ते सारखंच होतं. बाकीचं लिहिते. तोंडावर बोलायला गेलं की तुला दुकानातला फोन वाजल्याचे भास होतात, म्हणून तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी तुझीच गोष्ट तुला सांगते. छापायची की नाही, ते तू आणि जॉलीन ठरवा.

तर सेजबेंड गावातला रूलन ऑस्लर सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याचं वजन एकशे पस्तीस पौंड होतं, तेही बूट घालून. शाळेच्या फुटबॉल संघात तो होता, हे खरं. म्हणजे संघाच्या बाकावर होता. चार वर्षांत मिळून तो अकरा मिनिटं मैदानात उतरला, आणि तीही सामना इतका जिंकलेला किंवा इतका हरलेला असताना, की तो काय करतो याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. शेवटच्या वर्षी उत्तरेच्या विद्यापीठाकडून त्याला एक पोस्टकार्ड आलं: 'आमचे प्रशिक्षक तुमच्या कामगिरीकडे लक्ष ठेवून आहेत.' कार्ड छापील होतं. ते राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या प्रत्येक खेळाडूला गेलं होतं. आमच्या गावात सोळा घरांत आलं. पंधरा घरांनी टाकून दिलं, रूलनने त्याला चौकट करून घेतली.

मग तो धर्मप्रचाराच्या मिशनला गेला, आमच्या चर्चची सगळी पोरं जातात तसा. दोन वर्षं ओहायोत सायकल मारली, लोकांची दारं ठोठावली, ती तोंडावर बंद झालेली बघितली, आणि परत येऊन बापाच्या टायरच्या दुकानात उभा राहिला. कार्ड काउंटरमागच्या भिंतीवर गेलं. तिथून पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपास धरून सगळे सभेला बसले आणि साक्ष द्यायला कोण उठतं म्हणून वाट बघू लागले, की रूलन उठायचा. "देवाने मला विचारलं, मैदान की मी? मी देव निवडला." नव्याने राहायला आलेल्या बाया डोळे पुसायच्या. जुनी माणसं घड्याळाकडे बघायची, कारण पोटात कावळे ओरडत असायचे आणि ही कथा अकरा मिनिटांत संपत नसे.

अशी कथा तीस वर्षं सांगितली की सांगणाऱ्याला ती खरी वाटू लागते. रूलनला वाटायला पाच पुरली.

चौपन्नाव्या वर्षी त्याला बिशप नेमलं. आमच्याकडे याला शिकावं लागत नाही आणि पगारही नसतो. आसपासच्या साऱ्या मंडळ्यांवर जे अध्यक्ष असतात त्यांना प्रार्थनेत नाव सुचतं, माणूस हो म्हणतो, आणि रविवारपासून चारशे माणसांचं पाप-पुण्य त्याच्या टेबलावर येतं. त्या वर्षी वरचे अध्यक्ष होते गार्थ नटॉल, साठ गाईंचा गोठा असलेला सरळ माणूस. त्यांना रूलनच का सुचला, ते मी त्यांना विचारलेलं नाही. गाईंची पारख त्यांना चांगली आहे.

त्याच मंडळीत वायकोनांचं कुटुंब होतं. टोंगा बेटांवरून आलेली माणसं. बाप ट्रक घेऊन आठवडाभर नेवाडात, आई लोसालीन टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात हाडं काढायच्या पाळीवर, आणि चार मुलांत थोरला सेमिसी. सहा फूट सहा इंच. दारातून आत यायला त्याला वाकावं लागे, आणि वाकण्याची इतकी सवय, की मोकळ्या मैदानातही तो जरा वाकूनच उभा राहायचा. फुटबॉलच्या भाषेत तो डावीकडची भिंत होता. चेंडू फेकणाऱ्याच्या पाठीवर कुणी येऊ नये म्हणून जो पोर आडवा उभा राहतो, तो. दोन वर्षांत त्याच्या अंगावरून कुणी आत गेलं नव्हतं.

तो बारावीत गेला आणि गावात प्रशिक्षकांच्या भाड्याच्या गाड्या दिसू लागल्या. बाहेरच्या राज्यातून आलेला प्रशिक्षक असला, तरी इकडे आल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा, हे त्याला विमानतळावरच कुणीतरी शिकवलेलं असतं: "आधी की नंतर?" म्हणजे मिशन आधी, की एक वर्ष खेळून मग मिशन? सेमिसीचं उत्तर एकच. आधी.

उत्तरेच्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक हॉलिस डिसेंबरात वायकोनांच्या घरी आले. रूलनला कुणी बोलावलं नव्हतं. तो अर्धा तास आधीच जाऊन घरातल्या एकुलत्या एका बऱ्या खुर्चीत बसला. हॉलिस टेक्ससचे, आमच्या धर्माचे नव्हेत, पण आमच्यात कॉफी वर्ज्य, तेव्हा पेला गाडीत ठेवून यायचा एवढं त्यांना कळत होतं. लोसालीनने अळूच्या पानांत नारळाच्या दुधावर शिजवलेलं मांस केलं होतं. त्यांनी तीनदा मागून घेतलं.

"आधी की नंतर, पोरा?"

"आधी, सर."

"मग बिनधास्त जा. दोन वर्षांनी ये. जागा तुझीच. मी स्वतः तिच्यावर बसून राहतो."

"लिहून द्याल?" लोसालीनने विचारलं.

"बाई, मी टेक्ससचा माणूस. शब्द दिला की दिला."

रूलन घसा साफ करून म्हणाला, "सिस्टर, यांच्यासारख्यांच्या शब्दावर शंका घेणं बरं दिसत नाही."

"शंका कुठे घेतेय, बिशप? कागद मागतेय. कारखान्यात एक सुरी घ्यायची तरी सही करावी लागते."

हॉलिस हसले, रूलनही हसला, आणि कागदाचा विषय त्या हसण्यात बुडाला. दोन वर्षांनंतरच्या जागेचा कागद कुठलंही विद्यापीठ देत नाही. पण निघताना हॉलिसनी रूलनच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तुम्हीही खेळलेले दिसता." रूलन त्या रात्री बायकोला, जॉलीनला, म्हणाला, "जाणकाराला बरोबर कळतं."

मार्चमध्ये सेमिसीने मिशनचे कागद भरले. दाताच्या डॉक्टरचं झालं, रक्ताचं झालं, मग बिशपच्या खोलीत मुलाखत. रूलनने विचारायचं ते सगळं विचारलं. सेमिसीने लपवलं काहीच नाही, कारण लपवण्याजोगं काही नव्हतं. वयाच्या बाराव्या वर्षी शेजाऱ्याच्या झाडावरचे जर्दाळू चोरले होते, तेही त्याने सांगितलं. रूलनचे डोळे भरून आले. त्याने पोराला मिठी मारली, म्हणजे त्याच्या बरगड्यांना मारली. आता संगणकावर एक बटण दाबायचं, की कागद नटॉलांकडे जाणार, तिथून सॉल्ट लेकला चर्चच्या मुख्य कचेरीत, आणि दोन-तीन आठवड्यांत नेमणुकीचं पत्र येणार. रूलनने ठरवलं, घरी जेवून येऊ आणि मग दाबू.

जेवताना फोन आला. हॉलिस होते.

"बिशप, आमच्या डावीकडच्या पोराने काल सरावात गुडघा फोडून घेतला. वर्ष गेलं त्याचं."

"अरेरे. सेमिसीशी बोललात का?"

"बोललो ना. म्हणतो, वर शब्द दिलाय. आता वरच्याशी मी काय बोलणार? मला आपलं एवढंच कळतं, की काही काही पोरं पानझडीचा मोसम खेळून जानेवारीत जातात. देव कुठे पळून जात नाही. पण तुम्ही त्याचे मेंढपाळ. तुम्हाला जास्त कळतं."

हॉलिसनी याहून जास्त काही मागितलं नाही, आणि रूलननेही काही कबूल केलं नाही. दोघेही सभ्य माणसं. आठवड्याने टपालाने एक जाकीट आलं, संघाच्या रंगाचं, छातीवर सोनेरी दोऱ्याने 'बिशप' असं भरलेलं, आणि खिशात मोसमभर मैदानाच्या कडेला उभं राहायचा पास. कोल्हा काकडीला राजी. एखादा विकला गेला तर निदान भाव तरी विचारतो. याने तेवढंही केलं नाही. जाकीट घालून आरशासमोर उभा राहिला आणि जॉलीनला म्हणाला, "खांद्यात बरोबर बसलंय."

बटण दाबायचं राहिलं. पहिल्या आठवड्यात खरोखरच राहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने ठेवलं. मग घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे पत्रांचा मोसम. पोराच्या घरी सगळी मंडळी जमते, भिंतीवर जगाचा नकाशा, प्रत्येकाने आपला अंदाज म्हणून टाचणी टोचायची, मग कुठल्या देशात पाठवलंय ते पोर पत्रातून वाचतं. सेमिसीच्या वर्गातल्या सातजणांची पत्रं आली. चर्चच्या ओसरीतल्या फळ्यावर सात फोटो लागले. सेमिसी सातही घरी गेला, टाचण्या टोचल्या, केक खाल्ला, आणि दर बुधवारी बिशपच्या खोलीत डोकावला.

"बिशप, माझं काही?"

"सॉल्ट लेकला गर्दी आहे बाळा. धीर धर."

"लेलंडचं माझ्यानंतर गेलं होतं. त्याचं आलं."

"देवाची घड्याळं वेगळी असतात."

आता, पत्र उशिरा आलं की आमची माणसं टपालखात्याला बोलत नाहीत. ती पोराकडे बघतात. कागद अडले म्हणजे बिशपने अडवले, आणि बिशपने अडवले म्हणजे पोराने काहीतरी केलंय, पश्चात्ताप चालू आहे. कुणी विचारत नाही, कारण विचारणं असभ्यपणाचं, आणि न विचारता सगळ्यांना कळलेलं असतं. कारखान्यात लोसालीनच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईने एक दिवस हातातली सुरी न थांबवता सांगितलं, "माझ्या भावाच्या मुलाचंही असंच झालं होतं गं. वर्षभर लागलं. मुलीशी लग्न लावून दिलं, आता छान आहेत."

त्या दिवशी घरी जाऊन लोसालीनने मुलाला विचारलं, "मुलगी आहे का कुणी?"

"नाही, मम्मी."

"दारू?"

"नाही."

"मग बिशपला काय सांगितलंस?"

"जर्दाळूंचं सांगितलं."

तिला हसू आलं नाही. पुढच्या रविवारी सभा सुटल्यावर तिने रूलनला ओसरीत गाठलं, त्या सात फोटोंच्या समोरच. कारखान्याच्या थंडीने तिची बोटं कायमची सुजलेली, ती पर्सच्या पट्ट्यावर आवळून तिने हळू आवाजात विचारलं, "बिशप, माझ्या मुलाने काही केलंय का?"

इथे रूलनला एक शब्द पुरला असता. 'नाही.' त्याने तो मनात म्हटलासुद्धा, असं जॉलीनजवळ पुढे कबूल केलं. पण नाही म्हटलं की ती पुढे विचारणार, मग अडलंय कुठे? तेव्हा त्याने चेहऱ्यावर करुणा आणली आणि म्हणाला, "सिस्टर, माझ्या खोलीतलं बोलणं बाहेर जात नाही. ते पवित्र असतं."

लोसालीनने मान हलवली. पुढच्या रविवारपासून वायकोना कुटुंब पहिली रांग सोडून शेवटून दुसऱ्या रांगेत बसू लागलं.

ऑगस्टात, पत्र नाही म्हणून, सेमिसी विद्यापीठाच्या सराव शिबिराला गेला आणि डावीकडे उभा राहिला. चांगला खेळला. रूलन दर शनिवारी जाकीट घालून मैदानाच्या कडेला. पाण्याचं पिंप ठेवतात ना, त्याच्या जरा पलीकडे. चाळीस वर्षांनी बाकावरून उठून तो कडेला आला होता, आणि ही बढती त्याला पुरेशी वाटली. एका सामन्यात सेमिसीने त्याच्याकडे बघून हात केला. ते हात करणं रूलनने महिनाभर दुकानात सांगितलं.

ऑक्टोबरात सेमिसी एका रविवारी घरी आला आणि दुपारी चालत नटॉलांच्या गोठ्यावर गेला. नटॉल बूट धूत होते.

"प्रेसिडेंट, माझ्यात काय कमी आहे तेवढं सांगा. मी सुधारेन."

"कशातलं कमी?"

"मिशनचं. मार्चपासून अडलंय."

नटॉलांनी नळ बंद केला. "पोरा, तुझे कागद माझ्याकडे आलेच नाहीत. मला वाटलं, तूच जात नाहीयेस."

संध्याकाळी त्यांनी रूलनला बोलावून घेतलं. रूलन गाडीत बसल्यापासून उत्तर शोधत होता, आणि गोठ्याच्या फाटकाशी त्याला ते सापडलं. आमच्यातल्या माणसालाच सापडेल असं उत्तर. तो खुर्चीत टेकला, हात जोडून गुडघ्यांत धरले आणि म्हणाला, "प्रेसिडेंट, मला अंतःप्रेरणा झाली. थांब, असं आतून आलं. कारण मला कळलं नाही. मी फक्त ऐकलं."

यावर कुणी काय बोलणार? बिशपला झालेली प्रेरणा खोटी म्हणायची, तर उद्या अध्यक्षाला झालेली खरी कशी ठरणार? आणि हा बिशप तर त्यांना स्वतःलाच सुचलेला. नटॉलांनी टेबलावरचा संगणक पुढे ओढला. "बरं," ते म्हणाले. "आता काही आतून येतंय का?"

"आता... पाठव, असं येतंय."

"मग आत्ता पाठव. इथूनच. माझ्या संगणकावरून."

तीन आठवड्यांत पत्र आलं. पेरू देश. नकाशा लावला, पण टाचण्या टोचायला फार माणसं आली नाहीत. उशिरा आलेल्या पत्राला लोक जरा बेतानेच येतात. सेमिसी जानेवारीत गेला. त्याआधीच, डिसेंबरात, हॉलिसना विद्यापीठाने काढून टाकलं होतं. त्यांनी दक्षिणेत कुठेतरी दुसरी नोकरी धरली आणि ज्या जागेवर स्वतः बसून राहणार होते, ती मागे वळूनही बघितली नाही. नव्या प्रशिक्षकाने लोसालीनला दोन ओळी पाठवल्या: आधीच्या लोकांनी तोंडी दिलेली आश्वासनं आमच्यावर बंधनकारक नाहीत, मुलाला शुभेच्छा. कागद मिळाला म्हणायचा, नको तो.

सेमिसी परत आला तेव्हा त्याच्यासाठी जागा नव्हती. तो आता छपरं घालतो. चार वर्षांपूर्वी माझ्या घराचं छप्पर त्यानेच घातलं. दुपारी ओट्यावर पावाचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "मिसेस टेनंट, देवाला तेव्हा माझ्यात काहीतरी दिसलं असणार. उगाच थांबवलं नसतं. मी शोधतोय काय ते."

मी म्हटलं, "तुझ्यात काही नव्हतं रे. रूलनमध्ये होतं."

तो नम्रपणे हसला. "बिशपना प्रेरणा झाली होती," तो म्हणाला, आणि शिडी चढून गेला. बीजगणिताच्या मास्तरणीचा शब्द प्रेरणेपुढे किती टिकणार?

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, रूलन, कारण पुढे आपण दोघंच होतो. नोव्हेंबरात मी बर्फाचे टायर बसवायला तुझ्या दुकानात आले. तुला बिशपपदावरून मोकळं करून तीन वर्षं झाली होती. जॉलीनने मला सगळं सांगितलं होतं, जाकीट, जेवण, फोन, सगळं, आणि हे मी तुला सांगितलं. तू फोनकडे बघितलंस. तो वाजला नाही.

"लोकांसमोर उभा राहू नकोस," मी म्हटलं. "तेवढी अपेक्षा मी तुझ्याकडून वर्गातही केली नव्हती. लोसालीनच्या स्वयंपाकघरात जा आणि सांग, की तुझ्या मुलाने काही केलं नव्हतं, आणि देवानेही नाही. मीच केलं. दोन मिनिटांचं काम आहे."

"तिला वाईट वाटेल."

"तिला आठ वर्षं वाईटच वाटतंय."

तू एक नट चिंधीने पुसून डब्यात टाकलास. मग म्हणालास, "गुरुवारी. साडेचारला दुकान बंद करतो. तुम्ही सोबत चला मिसेस टेनंट, सुरुवात तुम्ही करा."

"सोबत येते. सुरुवात तुझी."

"बरं," तू म्हणालास, आणि मला वाटतं त्या क्षणी तू खरंच येणार होतास.

गुरुवारी चार पंचवीसला मी तुझ्या दुकानासमोर गाडी लावली. शटर खाली होतं आणि दाराला पाटी, 'आज लवकर बंद'. गाडी चालू ठेवून बसले. पाचला कारखान्याची पाळी सुटली आणि लोसालीन रस्त्याने चालत आली. मला बघून थांबली. मी काच खाली केली.

"थंडीत कुणाची वाट बघताय?"

"रूलनची."

"टायरचं काम?"

"हो," मी म्हटलं, आणि ती घरी गेली.